शिक्षेचा अधिकार खाली देताना

जव्हारला आलं की शिरपामाळावर पाय वळतातच. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले आणि राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं स्वागत केलं, ही हकीकत इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आम्हाला मात्र त्या माळावर दुसराच प्रश्न पडतो. दुसऱ्याच्या मुलखातून एवढं घोडदळ न्यायचं, तर एकेका स्वाराला आवरायचं कुणी?

सभासदाच्या बखरीत रचना दिलेली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. म्हणजे रोजचा धाक पंचवीस माणसांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाच्या हाती. राज्याभिषेकाच्या थोडं आधी चिपळूणकडे छावणीला असलेल्या घोडदळाला महाराजांनी पत्र पाठवलं, ते सेनापतीला नव्हे. जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. पत्रात नुसता दम नाही, कारणं आहेत. पावसाळ्याची वैरण आताच उधळलीत तर घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरतील. लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर बारकावा. आणि बदनामी झाली तर ती तुमच्या माथी, हेही स्पष्ट. अधिकार खाली दिला, पण जाब विचारणारा वरती जागा होता.

आता आजचं. १९५०च्या आर्मी ॲक्टचं कलम ८० घ्या. कोर्ट मार्शल न भरवता कमांडिंग ऑफिसर जवानाला २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडी देऊ शकतो, लाइन सोडायला बंदी घालू शकतो, जादा पहारे लावू शकतो, १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड करू शकतो. केंद्र सरकारच्या संमतीने लष्करप्रमुख हा अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्यालाही नेमून देऊ शकतात. सोय उघड आहे. चौकी डोंगरात, पलटणीचं मुख्यालय लांब. गणवेशाची हयगय आज झाली आणि सुनावणी महिन्याने, तर त्या शिक्षेला अर्थ काय उरला? पण नुकताच दाखल झालेला तरुण अधिकारी रागाच्या भरात हात सैल सोडेल, ही भीतीही खोटी नाही. म्हणून नियम २२ सांगतो, आरोप जवानाच्या समोर ऐकायचा, त्याला साक्षीदाराची उलटतपासणी करू द्यायची, स्वतःचे साक्षीदार आणू द्यायचे.

आमच्या मते खरी मेख मात्र याच्या पलीकडे आहे. फेब्रुवारी १९४६, मुंबई, ‘तलवार’ ही नौदलाची प्रशिक्षण संस्था. निकृष्ट जेवण होतंच, पण त्याहून जास्त लागली ती तिथल्या प्रमुखाची शिवीगाळ. काही नाविकांनी रीतसर तक्रारी केल्या. त्या गेल्या कुणाकडे? ज्याच्याविरुद्ध होत्या त्याच्याचकडे! १८ तारखेला नाविकांनी कामावर जायला नकार दिला आणि पुढचं बंड सगळ्यांना माहीत आहे. त्याला इतरही कारणं होती, तो काळच तसा होता. पण ठिणगी इथली.

स्वतंत्र भारताच्या कायद्यात कलम २६ आहे. वरिष्ठाने अन्याय केला असं वाटलं तर जवान आपल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. आणि तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर थेट त्याच्या वरच्याकडे. चार ओळींचं कलम, भरती होणाऱ्या किती पोरांना ते माहीत असतं कोण जाणे. जव्हार-मोखाड्याची मुलं पहाटे धावायचा सराव करतात, छाती-उंचीची मापं पाठ असतात, हे कलम नसतं.

सभा संपल्यावर एकाने विचारलंच, मग आजच्या हवालदाराला शिक्षा करता येते का? कलम ८०खाली नाही. कायद्यात ‘ऑफिसर’ म्हणजे कमिशन मिळालेला; हवालदार जवानाला त्याच्यापुढे हजर करतो. आणि खुद्द हवालदार चुकला, तर त्याला या कलमाखाली कोठडी देता येत नाही. का? काल कोठडीत बसलेल्या माणसाने आज पोरांना हुकूम सोडायचा, तर ती ऐकतील कशी?