वटवाघळाचा पंख आणि केळीचे बी

रोहा आणि अष्टमी यांच्यामधून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठी दिवेलागणीस उभे राहिले, म्हणजे घरी परतणारा बगळा, नुकतेच बाहेर पडलेले वटवाघूळ आणि पाण्यावर रेंगाळलेला एखादा चतुर हे तिघेही एकाच जातीच्या पंखांनी उडत आहेत असे वाटते. आणि समजात अवयव म्हणजे रूपाने व कार्याने सारखे अवयव, हा सार्वत्रिक गैरसमज अशाच दृष्टिभ्रमातून उपजलेला आहे.

वस्तुतः समजातता ठरते ती वारशावरून. वटवाघळाच्या पंखात दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन, मग मनगट आणि अतिशय लांबलेली बोटे, असा आपल्याच हाताचा सांगाडा असतो. रेवदंड्यास ही नदी ज्या समुद्राला मिळते, त्यातील डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या परातही हाच आराखडा आढळतो. चतुराच्या पंखात हाड मुळीच नाही. बगळा व वटवाघूळ यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे: दोघांचा पुढचा अवयव समजात खरा, परंतु उड्डाण दोघांनी स्वतंत्रपणे साधलेले असल्याने पंख या नात्याने ते समजात नव्हेत. रिचर्ड ओवेन याने 1843 मध्ये ही संज्ञा निश्चित केली. तिच्यामागचे कारण, म्हणजे समान पूर्वज, डार्विनने 1859 मध्ये दाखविले.

सजातीय, म्हणजे जोडीने असणाऱ्या, गुणसूत्रांविषयीचा गैरसमज नेमका उलट आहे; ती एकमेकांच्या नकला समजली जातात. तलाठ्याच्या दफ्तरी एकाच गावच्या दोन नोंदवह्या आहेत, एक पित्याकडून व एक मातेकडून आलेली, अशी कल्पना करावी: गटक्रमांकांचा अनुक्रम दोहोंत तोच, परंतु ज्या गटावर एकीत भाताची नोंद, त्याच गटावर दुसरीत वालाची असू शकते. अस्सल नकला म्हणजे पेशीविभाजनापूर्वी तयार होणारी अर्धगुणसूत्रे, ती निराळी.

गुणसूत्रे अधिक तितका जीव श्रेष्ठ, हेही खरे नाही. भाताची 24, माणसाची 46, तर बटाट्याची 48.

सजातीय गुणसूत्रांच्या जोड्यांचे महत्त्व मला सर्वाधिक पटते ते केळीच्या बागेत. खाण्याच्या बहुतेक केळींत प्रत्येक गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, एकूण 33, असतात. जननपेशी घडताना दोघांची जोडी जुळली तरी तिसरे एकाकी राहते, वाटणी विस्कटते आणि बी धरत नाही. फळाच्या गाभ्यातील काळे ठिपके पेरण्याजोगे बी नसून न वाढलेली बीजांडे आहेत, आणि म्हणूनच बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या मुनवेच लावीत आला आहे.