उन्हाळ्यातील दुचाकीस्वार : वारा, घाम आणि वस्त्र

दुचाकी चालवताना अंगावर येणारा वारा शरीराला गार करतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की उन्हाळ्यात गाडीवर बसताना बाह्या वर सारणे, गळ्याचे बटण उघडे ठेवणे आणि हेल्मेटची काच वर करणे बहुतेकांना स्वाभाविक वाटते. पुण्यातील सकाळी किंवा कोल्हापुरातील संध्याकाळी हा अनुभव खराही असतो. मात्र मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला या शहरांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, तेव्हा तोच वारा शरीरातील उष्णता वाहून नेण्याऐवजी बाहेरची उष्णता शरीरात आणून टाकू लागतो. विदर्भातील माणसे दुपारी बाहेर पडताना डोके, कान, मान आणि तोंड सुती दुपट्ट्याने गुंडाळून घेतात व पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि पदार्थविज्ञान त्या अनुभवाला पूर्ण दुजोरा देते.

हे समजण्यासाठी शरीर उष्णता कशी सोडते, हे पाहिले पाहिजे. माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते टिकवण्याची शरीराची धडपड अखंड चालू असते, तर त्वचेचे तापमान उष्ण हवेत साधारण ३५ अंशांच्या आसपास राहते. स्वस्थ बसलेले शरीरसुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते आणि ही उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा चार आहेत : स्पर्शातून होणारे वहन, हलत्या हवेने होणारे अभिसरण, किरणांच्या रूपाने होणारे प्रारण आणि घाम वाळताना होणारे बाष्पीभवन. यांपैकी पहिल्या तीन वाटा दुहेरी आहेत, म्हणजे उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जात असल्यामुळे, भोवतालची हवा व वस्तू त्वचेपेक्षा गरम झाल्या की या तिन्ही वाटांनी उष्णता आत येऊ लागते आणि शरीराच्या हाती एकटे बाष्पीभवन उरते. घामाचे पाणी वाफ होताना त्वचेकडून उष्णता शोषून घेते, तिला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल एवढी उष्णता लागते. तासाला एक लिटर घाम येऊन तो सगळा अंगावरच वाळला, तर शरीरातून सुमारे पावणेसातशे वॅट उष्णता बाहेर जाते. ही क्षमता मोठी आहे, पण अमर्याद नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या त्वचेला ४५ अंशांची हवा सतत घासून जात असते, आणि त्वचा व हवा यांच्यातील दहा अंशांच्या फरकामुळे ढोबळमानाने दर चौरस मीटरला चारशे वॅटच्या घरात उष्णता त्वचेवर येऊन पडते. वेग जितका अधिक, तितका हा भार मोठा. याच वाऱ्यामुळे घामही झपाट्याने वाळतो, म्हणून त्वचा कोरडी राहते आणि आपल्याला घाम येतच नाही, अशी स्वाराची समजूत होते, वास्तविक शरीर वाऱ्याने आणलेली उष्णता परत घालवण्यासाठीच पाणी खर्च करत असते. घामाच्या ग्रंथींची मर्यादा गाठली गेली, किंवा शरीरातील पाणी कमी पडले, की आतील तापमान चढू लागते. हवेचे तापमान ३५ अंशांच्या आत असेल तोवर वारा निखळ मित्र असतो, त्यापुढे पुरेसा घाम येतो आहे तोवर तो सोसण्याजोगा असतो, आणि ४० अंश ओलांडल्यावर त्याला त्वचेपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

उन्हाचा भार यात धरलेला नाही. हवामान खाते जाहीर करते ते तापमान पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी नोंदले गेलेले ४७.९ अंश हेही सावलीचेच तापमान होते. प्रत्यक्ष रस्त्यावर निरभ्र दुपारी दर चौरस मीटर आडव्या पृष्ठभागावर सुमारे १,००० वॅट सौरऊर्जा पडते आणि डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो, त्यामुळे स्वार वरून सूर्याच्या आणि खालून रस्त्याच्या प्रारणात सापडतो. नागपूरच्या अक्षांशावर २६ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि २५ मेपासूनचे नऊ दिवस नवतपा म्हणून ओळखले जातात ते याच काळात. दुचाकीवर बसण्याच्या ढबीमुळे खांदे, मांड्या आणि हँडलवरील हातांच्या पाठी अशा वेळी सूर्यासमोर जवळजवळ आडव्या येतात. पायी चालणाऱ्याच्या मांड्यांवर दुपारचे ऊन इतके सरळ पडत नाही, म्हणून पायी चालण्याचा अनुभव दुचाकीला जसाच्या तसा लागू होत नाही आणि हातमोज्यांना उन्हाळ्यातही महत्त्व येते.

वस्त्र या ठिकाणी दोन कामे करते. ते ऊन स्वतःवर झेलते आणि गरम वारा व त्वचा यांच्यामध्ये हवेचा एक शांत थर राखते, ज्यात घाम सावकाश, पण शरीराच्या उपयोगी पडेल अशा रीतीने वाळतो. पांढरा किंवा फिका रंग अधिक ऊन परतवतो हे खरे, तरी कपड्याचा सैलपणा आणि त्याखाली खेळणारी हवा यांचे महत्त्व रंगाहून कमी नाही. वाळवंटातील बेदुईन लोक काळे झगे का घालतात, याचा शोध घेणारे एक संशोधन १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळा झगा जास्त उष्णता शोषतो, परंतु झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते आणि काळ्या व पांढऱ्या झग्यांत शरीराला मिळणारी उष्णता सारखीच ठरते, असे त्यात आढळले. दुचाकीस्वाराने यावरून काळे जॅकेट निवडावे असे नाही, पण अंगाला चिकटलेला पांढरा बनियनवजा टी-शर्ट पुरेसा आहे, हा समज मात्र सोडून द्यावा.

कोरड्या हवेतील सर्वांत परिणामकारक उपाय पाण्याचा आहे, आणि त्याचे तत्त्व विदर्भातील घराघरांत ठाऊक आहे. कुलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताट्यांमधून खेचतो, पाण्याच्या बाष्पीभवनात हवेची उष्णता खर्ची पडते आणि खोलीत गार हवा येते. ओला सुती सदरा आणि त्यावर हवा मर्यादित प्रमाणात आत घेणारे जॅकेट, ही जोडणी स्वाराच्या अंगावर नेमके हेच काम करते. नुसता ओला सदरा उघड्या वाऱ्यात थोड्याच वेळात वाळतो, आणि वाऱ्याला पूर्ण अडवणाऱ्या जाड जॅकेटखाली तो वाळतच नाही, म्हणून दोन्हींचा मेळ लागतो. बाह्यांच्या व गळ्याच्या चेन थोड्या उघड्या ठेवल्या की हवा हाताकडून शिरून मानेकडून बाहेर पडते आणि एकदा भिजवलेला सदरा बराच काळ ओलसर राहतो. जाळीदार कापडाची मेश जॅकेट ३५-३६ अंशांपर्यंत उत्तम असतात, परंतु भर दुपारच्या विदर्भात त्यांच्याखाली ओला थर नसेल, तर ती गरम झळा थेट अंगावर घेतात.

याच उपायाचा कोकणात किंवा गोव्यात फारसा उपयोग होत नाही, आणि कारण तेच आहे ज्यामुळे मुंबईत कुलर चालत नाही. तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वाऱ्यात धरले असता जे तापमान दिसते, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि बाष्पीभवनाने एखादी वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते त्यावरून कळते. हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २४ अंश येते. उलट, हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ते २८ अंशांच्या पुढे जाते. किनाऱ्यावर घाम वाळायला आधीच जागा कमी असते, पण हवा त्वचेपेक्षा थोडी गार असल्यामुळे तेथे वारा अंगाला लागू देणे, जाळीदार कपडे वापरणे आणि गाडी चालती ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. मुंबईहून नागपूरला गाडीने जाणाऱ्याने वाटेत कपड्यांची रीतच बदलली पाहिजे.

हेल्मेटविषयीची तक्रार उन्हाळ्यात सर्वाधिक ऐकू येते आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण डोके व चेहरा हे घामाचे मोठे क्षेत्र असते. तरीही उन्हाच्या नावाखाली हेल्मेट सोडणे दुहेरी नुकसानीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार ते बंधनकारक आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, कवचाच्या आत आघात शोषण्यासाठी बसवलेला थर थर्मोकोलच्याच जातीचा असतो आणि तो उष्णतेचा दुर्वाहक असल्यामुळे डोक्यावर येणारे सरळ ऊन बाहेरच अडवतो. हनुवटीजवळ हवा आत घेणारी आणि मागे बाहेर सोडणारी छिद्रे असलेले हेल्मेट त्यासाठी निवडावे व काढून धुता येणारे अस्तर वेळोवेळी धुवावे. हेल्मेटखाली पातळ, ओला सुती रुमाल बांधला तर डोके गार राहते, पण जाड दुपट्ट्याचे वेढे घेतले तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि अपघातात ते निसटण्याचा धोका वाढतो. दुपट्ट्याची किंवा ओढणीची टोके जॅकेटच्या आत खोचलेलीच असावीत, कारण मागच्या चाकात किंवा साखळीत अडकलेले कापड मानेला फास लावते.

रस्त्यावरील सर्वांत वाईट मिनिटे सिग्नलवरची असतात. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा जेमतेम चौथ्या हिश्शाच्या आसपासचा भाग गती देण्यास उपयोगी पडतो आणि उरलेला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकला जातो. हवेने गार होणारे इंजिन गाडी थांबताच तापू लागते, तर पाण्याने गार होणाऱ्या गाडीचा पंखा तापलेली हवा स्वाराच्या पायांवर सोडतो. लाल दिवा लांबणार असेल तर इंजिन बंद करणे आणि थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे असलेल्या झाडाच्या सावलीत उभे राहणे, हे साधे उपाय आहेत. अलीकडे देशातील काही शहरांत चौकांवर हिरव्या जाळ्या ताणल्या जातात. अशा जाळ्या प्रत्येक तप्त शहरात दिसल्या पाहिजेत, कारण त्यांचा खर्च अल्प आणि लाभ तत्काळ आहे. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी, आणि तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून ती काढू नये.

पाण्याबाबत तहान हा उशिरा मिळणारा इशारा आहे. घामाबरोबर मीठही जात असल्यामुळे दीर्घ प्रवासात केवळ पाणी पुरत नाही. लहान आतड्यात साखर आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जाते, या तत्त्वावर जलसंजीवनीचे पाकीट तयार केलेले असते, आणि कैरीच्या पन्ह्यात किंवा मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबतात हीच सामग्री असते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला मात्र शरीरशास्त्रात आधार नाही, आणि कांद्याच्या भरवशावर पाणी टाळले जात असेल तर ती घातकच आहे. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी उन्हातील प्रवासापूर्वी, आणि मीठ किती घ्यावे याविषयीही, डॉक्टरांना विचारावे. शरीर उष्णतेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते, म्हणून उन्हाळ्याचे पहिले तापलेले दिवस आणि थंड गावातून आलेला प्रवासी, दोन्ही अधिक जोखमीचे असतात.

दुपारी बारा ते चार प्रवास टाळावा, हा सल्ला ज्याला वेळ निवडता येते त्याच्यासाठी आहे. घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणाऱ्या तरुणांना नेमक्या त्याच वेळी सर्वाधिक फेऱ्या कराव्या लागतात, आणि हॉटेलाबाहेर उन्हात उभे राहून वाट पाहणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होऊन बसला आहे. त्यांना आत सावलीत बसू देणे, पिण्याचे पाणी देणे आणि तीव्र उष्णतेच्या दिवसांत उशिराबद्दल पैसे न कापणे, या गोष्टी कंपन्यांच्या आणि हॉटेलमालकांच्या हातातील आहेत व त्या सौजन्यावर न सोडता नियमाने ठरल्या पाहिजेत.

उष्णतेचा पहिला आघात स्नायूंवर आणि लक्षावर होतो. पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे दिसताच गाडी थांबवून सावली गाठावी, हेल्मेट व जॅकेट काढावे आणि घोट घोट पाणी प्यावे. दुचाकीवर याचा धोका अधिक, कारण निर्णयशक्ती मंदावल्याचे स्वाराला स्वतःला कळत नाही, म्हणून मागे बसलेल्याने अधूनमधून त्याच्याशी बोलत राहावे आणि उत्तरे असंबद्ध वाटली तर गाडी थांबवायला लावावी. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागला, तर तो उष्माघात असतो, मग अंगाला घाम असो वा नसो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघा येथे लावावा, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. माणूस गाडीवरून पडलेला असेल तर मानेला इजा झाल्याची शक्यता धरून हेल्मेट ओढून काढू नये. काच वर करून श्वास मोकळा आहे ना ते पाहावे आणि धड व पाय भिजवण्यास लगेच सुरुवात करावी.