कूळ, फेरफार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

यंत्राने माणसाबद्दल काही ठरवले, तर त्या माणसाने दाद कोणाकडे मागायची? कृत्रिम बुद्धिमत्ता, कायदा आणि मानवी हक्क यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या संशोधकाचे काम या प्रश्नापासून सुरू होते. कुठे कर्ज नाकारले जाते, कुठे योजनेच्या यादीतून नाव गळते, तर कुठे कॅमेरा भलत्याच चेहऱ्यावर बोट ठेवतो. निर्णय झालेला असतो, पण त्याखाली सही कोणाचीच नसते.

कोल्हापुरात या वाटेला लागणारा विद्यार्थी बहुधा कायद्याकडून येतो. एलएल.बी., एलएल.एम., मग नेट किंवा सेट आणि पीएच.डी.चा प्रवेश. येथील शहाजी विधी महाविद्यालय १९३३ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे कायदा आणि संगणक या दोन्हींत रस असलेला मार्गदर्शक मिळणे हीच पहिली कसोटी ठरते.

सुरुवातीचे महिने वाचनात जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, तो निकाल पायाचा. मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेला युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा. हेगच्या न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० मधला निकालही या यादीत हवाच. सरकारी लाभांतील गैरव्यवहार हुडकण्यासाठी नेदरलँड्स सरकारने ‘सिरी’ ही प्रणाली आणली होती. ती नेमकी कशी चालते हेच कळत नाही आणि तिच्यात खासगीपणाची पुरेशी कदर नाही, म्हणून न्यायालयाने तिचा कायदेशीर आधारच काढून घेतला.

परदेशी निकालांवर प्रबंध उभा राहतो, पण तो कोल्हापूरचा होत नाही. इथला खरा ऐवज मराठी कागदात आहे. न्यायालयीन निकालांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आणले. त्यात मराठीही आहे. जमिनीच्या दाव्यांतले मराठी कागद मात्र उलट दिशेने, इंग्रजीत न्यावे लागतात. ‘फेरफाराने इतर हक्कात कुळाचे नाव दाखल’ ही सातबाऱ्यावरची साधी नोंद घ्यावी. कूळ म्हणजे घराणे आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. फेरफार म्हणजे महसुली नोंदीतला बदल आणि बोलण्यात लबाडीही. वहिवाट म्हणजे कधी कसणूक, कधी ये-जा करण्याचा हक्क, तर कधी नुसती रीत. संशोधक कागदावर तीन रकाने आखतो: मूळ नोंद, यंत्राचे भाषांतर, जाणत्या वकिलाचे भाषांतर. चौथ्या रकान्यात एकच गोष्ट तपासायची, या चुकीने कोणाचा हक्क बुडाला असता का? १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमिनीचे खरेदीदार मानले. ‘कूळ’चे ‘घराणे’ झाले, तर त्या कागदातून जमीनच निघून जाते. हे काम सावकाश चालते, एकेका नोंदीवर अख्खी दुपार जाते. या साऱ्या विद्याशाखेत याहून मोलाचे काम क्वचितच असेल.

दुसरा धागा जुन्या दप्तरातून येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्यावर हजेरी लादली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवले, कामे दिली. देशभर तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण नोंदी आणि नजरा मागे उरल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतील जातीचे उल्लेख आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याची रीत रद्द करावी लागली. गुन्हा कुठे घडेल याचा अंदाज बांधणारी प्रणाली जुन्या पोलीस नोंदींवरच शिकते. ज्या वस्तीवर पहारा जास्त, तिथल्या नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून पुन्हा पहारा तिथेच. संशोधकाला त्या नोंदींची वंशावळ काढावी लागते.

प्रणालीचा तपशील मागायला माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. कंत्राट कोणाला दिले, कोणता डेटा वापरला, चुका किती झाल्या, असे प्रश्न सुटे सुटे विचारावे लागतात. एकाच मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येते. व्यापारी गुपिताचे कारण पुढे आले, तर तीस दिवसांत प्रथम अपील करायचे. नकाराचे पत्रही जपून ठेवायचे. प्रबंधात तोच पुरावा होतो.

लिहिताना प्रत्येक संदर्भ मूळ निकालाशी ताडून पाहणे सक्तीचे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला होता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायसंकुलात बसू लागले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या याचिका आता इथे येतात. संशोधकाला वही घेऊन मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. सकाळी दिवसाच्या कामकाजाची यादी पाहायची, यंत्राच्या निर्णयाविरुद्धची एखादी याचिका असेल तर तिच्यासमोर खूण करायची आणि सुनावणीला जाऊन बसायचे.