मदत आणि तिची अट

परदेशी मदत म्हटली की गव्हाची पोती डोळ्यांपुढे येतात. परंतु देशाने आपल्या व्यापाराची रीत बदलावी, यासाठीही मदत मिळते आणि तिला अट असते. १९६५ मध्ये जागतिक बँकेच्या बेल मंडळाने आपल्याला सुचविले की, रुपयाचे मूल्य उतरवा, आयात-परवान्यांचा जाच सैल करा. ६ जून १९६६ रोजी ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. बदल्यात वर्षाला ९० कोटी डॉलरची आशा होती. पहिल्या वर्षानंतर हा ओघ आटला.

याचा अर्थ करडीकरांनी शेजारच्या तुमसर तालुक्यात पाहावा. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीज परदेशी जाई. डॉलरभर मालामागे तेव्हा पावणेतीन रुपये अधिक. कर वजा जाता ते विकणाऱ्याच्या खात्यावर. मजुरी मात्र ठरल्या रुपयांतच, आणि तीही लागोपाठच्या दोन दुष्काळांत. निर्यातीला आमचा विरोध नाही. खाण चालली तरच चूल पेटते, हे आम्हांस कोणी शिकवायला नको! पण दर बदलतो एका रात्रीत, आणि महागाईभत्ता वाढवून घ्यायला वाटाघाटींचे महिने लागतात. मधल्या महिन्यांचा खर्च मजूर उधारीवर भागवतो.