कीबोर्डखाली झाकला जाणारा रकाना : दोष कोणाचा?

मोबाईलवरील अ‍ॅप ही आता केवळ मोठ्या कंपन्यांची मिरासदारी राहिलेली नाही. शिवणकाम, दागिन्यांची घडणावळ, कापडाची घाऊक विक्री अशा धंद्यांतील अनेक व्यापारी बंधू व कारागीर मापे, उधारी आणि ऑर्डरी मोबाईलवरच नोंदवतात. काहींनी तर पदरचे पैसे मोजून आपल्या दुकानाचे स्वतंत्र अ‍ॅप तयार करून घेतले आहे. अशा अ‍ॅपमध्ये एक दोष वारंवार आढळतो, तो असा की रकान्यावर बोट ठेवताच खालून कीबोर्ड वर येतो आणि ज्या रकान्यात लिहायचे तोच झाकून टाकतो.

हा दोष क्षुल्लक नव्हे. समजा, एक शिंपी शेरवानीची मापे नोंदवीत आहे. नाव, मोबाईल क्रमांक, उंची, छाती हे रकाने पडद्याच्या वरच्या भागात येतात, तर कंबर, खांदा, बाही आणि गळा खालच्या भागात. खालच्या रकान्याला हात लावला की तो दिसेनासा होतो आणि पुढचे आकडे अंदाजाने दाबावे लागतात. बाहीचे 24 लिहायचे असतात, परंतु बोट एक रकाना वर पडलेले असते आणि तो आकडा खांद्यात जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी कारागीर त्याच नोंदीवरून कापड बेततो. पुढे काय होते हे शिवणकाम करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. मजुरी बुडते, कापडाची भरपाई द्यावी लागते आणि वर दोष शिंप्याच्याच माथी येतो. खरे पाहता गिऱ्हाईकाकडे पाठ फिरवून कापड मोजावे, तसा हा प्रकार आहे, आणि त्याला जबाबदार अ‍ॅप बनविणारा आहे.

असे का घडते, हे समजून घेणे अवघड नाही. कीबोर्ड हा आपल्या अ‍ॅपचा भाग नसतो. तो एक वेगळाच प्रोग्राम असून मोबाईलची यंत्रणा त्याला अ‍ॅपच्या वर आणून ठेवते. त्याने पडद्याचा किती भाग व्यापला याची माहिती यंत्रणा अ‍ॅपला पुरवते. त्या माहितीचा उपयोग करून रकाना वर सरकवण्याची व्यवस्था अ‍ॅपने करायची असते. 2009 साली अँड्रॉइडच्या 1.5 या आवृत्तीत पडद्यावरचा कीबोर्ड आला, तेव्हापासून हा प्रश्न आहे आणि त्याचे उपायही जुनेच आहेत.

अँड्रॉइडवर अ‍ॅप बनविणाऱ्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला 'अ‍ॅडजस्ट रिसाईझ'. यात अ‍ॅपची खिडकीच कीबोर्डच्या उंचीइतकी आखूड होते आणि उरलेल्या जागेत फॉर्म वरखाली सरकवता येतो. दुसरा 'अ‍ॅडजस्ट पॅन'. यात सगळे पान वर ढकलले जाते. चालू रकाना दिसतो खरा, पण खालचे 'जतन करा' हे बटण कीबोर्डमागेच राहते व वरचे गिऱ्हाईकाचे नाव पडद्याबाहेर जाते. तिसरा 'अ‍ॅडजस्ट नथिंग', म्हणजे काहीच करायचे नाही. फॉर्म लांब असेल तर पहिलाच मार्ग योग्य होय. मात्र त्यासोबत फॉर्म सरकता ठेवावा लागतो, नाहीतर आखूड जागेत रकाने एकमेकांत कोंबले जातात.

कित्येकांची तक्रार निराळी असते. अ‍ॅप दोन वर्षे व्यवस्थित चालले, आणि नवीन आवृत्ती घेतल्यावर बिघडले. याचे एक कारण येथे सांगणे जरूर आहे. 2024 साली आलेल्या अँड्रॉइड 15 पासून, जे अ‍ॅप स्वतःला त्या आवृत्तीसाठी तयार म्हणून जाहीर करते, ते पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत पसरते. अशा वेळी खिडकी आपोआप आखूड होण्यावर विसंबता येत नाही. कीबोर्डची उंची यंत्रणेकडून घेऊन तेवढी जागा अ‍ॅपला स्वतःच सोडावी लागते. गूगलच्या प्ले स्टोअरने 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या अ‍ॅपना आणि नव्या आवृत्त्यांना ही तयारी सक्तीची केली. ज्यांनी केवळ आकडा बदलून आवृत्ती चढवली, त्यांचे रकाने झाकले गेले.

आयफोनची रीत वेगळी. तेथे खिडकी आखूड होत नाही. कीबोर्ड येत असल्याची वर्दी अ‍ॅपला मिळते आणि जागा करणे त्याच्यावर सोपवलेले असते. 2020 नंतरच्या स्विफ्टयूआय पद्धतीत बरेचसे काम आपोआप होते. तरी एक अडचण राहते. आयफोनच्या नुसत्या अंकांच्या कीबोर्डवर 'झाले' अशी कळच नसते. मापे आणि रकमा नोंदविणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती कळ मुद्दाम जोडून घ्यावी लागते.

ज्यांनी अ‍ॅपऐवजी वेबसाइटवर दुकान थाटले आहे, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. क्रोम ब्राउझरने 2022 च्या अखेरीस 108 व्या आवृत्तीत आपली चाल बदलली. तेव्हापासून अँड्रॉइडवर पानाच्या तळाशी चिकटवलेले 'ऑर्डर द्या' हे बटण कीबोर्डमागे राहू शकते. पानाच्या मथळ्यातील व्ह्यूपोर्टच्या ओळीत एक शब्द वाढवून जुनी चाल परत मिळते, एवढेच काम आहे.

काही कारागिरी अशीही दिसते की कीबोर्डची उंची अमुक इतकी धरून तेवढी जागा कायमची सोडलेली असते. ही तडजोड टिकत नाही. कोणी अंकांची वेगळी ओळ चालू ठेवतो, कोणी कीबोर्ड उंच करून घेतो, कोणी मराठीतून उर्दूत जातो; वयस्कर माणसे अक्षरे मोठी ठेवतात. उंची यंत्रणेलाच विचारली पाहिजे.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी स्वतः तपासणी करावी. दुकानातील सर्वांत लहान पडद्याचा फोन घ्यावा, त्यात अक्षरे मोठी करावीत आणि सगळ्यात खालचा रकाना भरून पाहावा. कीबोर्ड वर असतानाच जतन करण्याच्या बटणापर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे. हीच परीक्षा अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढचा फोन व एक आयफोन यांवर करावी. अ‍ॅप बनविणारा याला जादा काम म्हणून वेगळे पैसे मागू लागला तर ते मान्य करू नये. दार बसवल्यावर ते उघडते की नाही हे पाहणे सुताराच्याच मजुरीत येते.

ज्यांना तयार अ‍ॅपच वापरावे लागते, त्यांनी तोवर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची उंची कमी करावी किंवा 'फ्लोटिंग' हा पर्याय निवडावा, म्हणजे कीबोर्ड बोटाने ओढून रिकाम्या जागी ठेवता येतो. प्रत्येक आकडा लिहिल्यावर कीबोर्ड खाली करून रकाना वाचावा. त्यासाठी मागे जाण्याची कळ एकदाच दाबावी. दोनदा दाबल्यास फॉर्म बंद होऊन भरलेली मापे पुसली जाण्याचा संभव असतो.