सासवण्याचे एक घर आणि आपल्या मुलांचे हात

मुलाचे गणित कच्चे असेल तर आपण शिकवणी लावतो. इंग्रजी जमत नसेल तर शेजारच्या बाजींकडे पाठवतो. पण तेच मूल वहीच्या मागच्या पानावर चित्र काढताना दिसले, की वही हातातून ओढून घेतली जाते. ‘अभ्यास सोडून हे काय?’ हा प्रश्न नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गल्ल्यांपर्यंत घरोघरी ऐकू येतो. त्या मुलाच्या हातात अल्लाहने काही ठेवले आहे का, हे पाहायला मात्र सवड नसते.

याच विचाराने गेल्या हिवाळ्यात नांदेड आणि लातूर येथील आम्ही काही कुटुंबे एका शिल्पकाराचे संग्रहालय पाहायला गेलो. हे संग्रहालय अलिबाग तालुक्यातील सासवणे गावात आहे आणि ते विनायक पांडुरंग करमरकर या एकाच शिल्पकाराच्या कामाचे आहे. आम्ही लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे तासाभरात मांडवा आणि तिथून रिक्षाने सासवणे. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, म्हणून जायचे असेल तर हिवाळा बरा.

निघण्यापूर्वीच आमच्यातील एका बुजुर्गांनी विचारले होते, “बुतां देखने को इतनी दूर?” प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. सजीवांच्या पुतळ्यांबाबत आपल्या उलेमांचे म्हणणे काय आहे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्यावर वाद घालणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की तिथे इबादत होत नाही, कुणी डोके टेकवत नाही. एका माणसाने आयुष्यभर कोणती मेहनत केली आणि त्याला ती संधी कशी मिळाली, हे मुलांना दाखवायचे आहे. बुजुर्ग सोबत आले. त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही, पण ते आले.

करमरकरांचा जन्म १८९१ चा, याच गावातला. लहानपणी त्यांनी गावातील राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावात आले असता त्यांनी ते पाहिले. चित्र कुणी काढले याची चौकशी केली, मुलाला बोलावून घेतले आणि त्याला मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे करमरकर काही वर्षे कोलकात्यात राहिले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून आले. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ मध्ये बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सुमारे साडेतेरा फूट उंचीचे ते काम मुंबईच्या माझगाव गोदीत ओतले गेले. ज्या मुलाने भिंतीवर घोडा काढला, त्यानेच तो घोडा ब्राँझमध्ये उभा केला.

१९६७ मध्ये करमरकरांचे निधन झाले. त्यांच्या राहत्या घरातच आज हे संग्रहालय आहे. आत मोठ्या माणसांचे अर्धपुतळे आहेत, ‘शंखध्वनी’सारखे नावाजलेले काम आहे. पण आम्हां सर्वांना अधिक जवळची वाटली ती साधी माणसे : कोळीण, कष्टकरी, गावातले चेहरे. कुणाच्या गळ्याची शीर, कुणाच्या पाठीचा बाक, कुणाच्या बोटांतली पकड. माणसाकडे इतके लक्ष देऊन पाहणे हीसुद्धा एक तालीम आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

अंगणात सिमेंटची एक म्हैस आहे. आमच्यासोबत लातूरचे एक गवंडी होते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ मध्ये, ते बारा वर्षांचे होते. गावे पुन्हा बांधली जात असताना वाळू चाळत चाळत ते हे काम शिकले. त्यांची मुलगी आठवीत आहे. तिचा हात चित्रकलेत चांगला आहे आणि शाळेने तिचे नाव एलिमेंटरी परीक्षेसाठी सुचवले होते. वडिलांनी नकार दिला होता.

आत फिरताना ते गप्प होते. म्हशीपाशी मात्र बराच वेळ थांबले. कडेने एक फेरी मारली, खाली वाकून पोटाची बाजू पाहिली. मग मुलीला म्हणाले, “अंदर सळई होगी. उसके उप्पर जाळी बांधे होंगे. एकदम नै थोपे, थोडा थोडा चढाए. और पानी बराबर मारे, नै तो कब का तडकता.” आपल्याच कामाचा माल इथे कुणीतरी वेगळ्या तऱ्हेने हाताळला आहे, हे त्यांनी ओळखले होते. मुलगी विचारत गेली, ते सांगत गेले. वाळू किती बारीक लागेल, ओलावा किती दिवस टिकवावा लागेल. तिथल्या कोणत्याही पाटीवर नसलेली माहिती त्या दिवशी सर्व मुलांना मिळाली.

जुहरची नमाज अदा करून जेवायला बसलो, तेव्हा बुजुर्गांनीच बिदरचा विषय काढला. उदगीरच्या लोकांना बिदर जवळचे. तिथले बिदरी काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागिरांनी सांभाळले. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाचे भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरायची, त्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्यात ते घालायचे. धातू काळा पडतो, चांदी तशीच चमकत राहते. औशाच्या आणि कंधारच्या किल्ल्यांतील दगडी काम घ्या, मशिदींच्या कमानींवरची खत्ताती घ्या. वेली, भौमितिक जाळ्या, अक्षरे यांचा अथांग वारसा आपल्याकडे आहे आणि त्यात सजीवाची आकृती लागतही नाही. पण या कामांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? सासवण्यात एका माणसाचे नाव आहे, घर आहे, अर्धवट कामापासून पूर्ण कामापर्यंतचा प्रवास आहे. आपल्या कारागिरांचे काम उरले, माणूस हरवला.

हे बदलता येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने वि. स. खांडेकर या एका लेखकाच्या नावाने संग्रहालय उभे केले आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. आपल्या भागातील एखाद्या संगतराशाचे, खत्तातचे किंवा बिदरी कारागिराचे एक दालन, त्याची हत्यारे, त्याचे नाव, त्याची चार कामे, एवढे मागणे जास्त नाही. मागणी करणारे मात्र आपल्यातून निघाले पाहिजेत.

आणि विद्यापीठाची वाट न पाहता करता येईल असेही काही आहे. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा होतात. संकल्पचित्र आणि अक्षरलेखन हे त्यांतले विषय आपल्या खत्ताती आणि नक्षीच्या परंपरेला अगदी जवळचे आहेत. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या सर ज. जी. संस्थेत करमरकर शिकले, ती १८५७ साली सुरू झाली आणि २०२३ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथे आजही प्रवेश परीक्षा देऊन जाता येते. छपाई, कापडावरील नक्षी, दागिने, इमारतींची सजावट, पुस्तकांची मांडणी, या सगळ्या हलाल रोजीच्या वाटा कसलेल्या हातावरच उभ्या आहेत. हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर होते आणि स्वतःच्या हाताने चिलखते घडवत होते, हे आपण मुलांना सांगतोच.

सासवण्याच्या मुलाला एक परका अधिकारी भेटला. त्याने चित्र पाहिले, नाव विचारले आणि पुढची सोय केली. या तिन्ही गोष्टी करायला कलेक्टरच असावे लागते असे नाही. मोहल्ल्यातील मदरशाचे उस्ताद, शाळेतील शिक्षक, मामू, खाला, कुणीही त्या करू शकतो.

त्या मुलीच्या परीक्षेचा अर्ज अजून भरलेला नाही. मुदत आहे. तिच्या वडिलांनी मात्र सोबत आणलेल्या एका सरांना लाँचवर बसल्या बसल्या विचारले, परीक्षेत नेमके काय काढावे लागते. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल. आज ती मागच्या बाजूने उघडून पाहा.