पंचहौदातला चहा आणि लवळ्याचा केक

सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात इंग्लंडच्या गादीवर होता. त्या दशकातल्या इंग्रजी विनोदी साप्ताहिकांत केकचा वावर मोठा. नव्या नवरीने पहिल्यांदाच भाजलेला, सुरीला दाद न देणारा केक आणि तो घशाखाली उतरवताना चेहरा हसरा ठेवणारा नवरा, ही तर ठरलेली जोडी. बाईच्या हाताला अजून वळण लागलेले नाही, एवढ्यावर ते हसू उभे असे. पुण्यात भट्टीतल्या पदार्थाचा विषय निघाला की चौकशी वेगळीच होई. करणाऱ्याचा हात सराईत आहे का, हे नंतर. आधी त्याची जात कोणती? या एका प्रश्नाने पुण्यातली भलीभली घरे होरपळून निघाली.

ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाचा कार्यक्रम झाला आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखायला पेला हाती धरला आणि तसाच खाली ठेवला. या बैठकीमागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. सुधारणेवर बोलणारे प्रत्यक्षात किती पाणी दाखवतात, हे त्यांना चव्हाट्यावर आणायचे होते. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि गावभर एकच गहजब उडाला.

वेळही अशी, की ठिणगी पडायचा अवकाश. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदासदन १८९० च्या नोव्हेंबरात पुण्यास आले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, त्यामुळे मिशन हा शब्द ऐकला तरी सनातन्यांच्या कपाळावर आठी चढे. पाठोपाठ १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून रण पेटले. अशा हवेत चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि कोणी पेला ओठाला लावला, कोणी नुसता हातात धरला, याची छाननी झाली. लोक या साऱ्या प्रकाराला ‘ग्रामण्य’ म्हणत. बहिष्काराची झळ बसली ती घराघरांतून. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, कार्याला भटजी मिळेना, आचारी यायला तयार होईना. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ मध्ये, मित्रांची अडचण पाहून, त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतले. त्यावरून त्यांना भित्रे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला तो आरोप पटत नाही. ज्यांच्या घरची कार्ये अडली होती त्यांना सोडून एकट्याने ताठ उभे राहणे रानड्यांना सहज जमले असते. त्यांनी ती सोपी वाट धरली नाही.

१९१० हे वर्ष अन्नाच्या या गोष्टीत फार मोलाचे. त्या एका वर्षात मराठीत तीन पुस्तके आली आणि तिन्हींमध्ये अन्न तीन तऱ्हांनी भेटते. पहिले न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. या प्रायश्चित्ताने घरातल्या माणसाला काय वाटले, ते त्यात वाचायला मिळते. वर्तमानपत्रांना जे चवीचे खाद्य वाटले, ते एका बाईला आपल्या माणसाच्या मानाशी तडजोड वाटत होते. ही बाजू वृत्तपत्रांच्या फायलींत शोधून सापडत नाही, म्हणून या पुस्तकाचे मोल मला जास्त वाटते.

दुसरे पुस्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘अठरा धान्यांचे कडबोळे’, म्हणजे पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणून गाजलेल्या लेखांचा पहिला संग्रह. १९०२ पासून ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या वावरत होते आणि धर्मभोळेपणाची, पोकळ रूढींची टोपी उडवत होते. इंग्रजी साप्ताहिक बायकोच्या केकला हसत होते तेव्हा मराठी विनोद सबंध समाजाच्या सोवळ्याला हसायला शिकत होता. ते हसणे अंगावर येणारे होते, कारण वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तेच सोवळे घरी पाळलेले होते.

तिसरे लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’. पाठारे प्रभू घरातल्या या बाईंनी शाकाहारी पदार्थांबरोबर मासे-मटणाच्या कृतीही संकोच न करता दिल्या. मुंबईचा मराठी ओटा पुण्याच्या ओट्याहून किती मोकळा होता, ते यावरून कळते.

पुण्याच्या ओट्यावर केकपुढची खरी अडचण अंडे. फेसलेले अंडे हवा धरून ठेवते आणि भट्टीच्या उष्णतेने घट्ट होते; त्याच सांगाड्यावर केक फुगून उभा राहतो. पावाचीही गत तीच, कारण गोव्याकडचे पाववाले पीठ ताडीने फुगवत. मधली वाट काढली सुरतेच्या नानकटाईने. तिच्यात अंडे नाही, ताडी नाही. मैदा, साखर आणि भरपूर तूप. दिवाळीच्या आधी घरचे तूप, मैदा, पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही चाल आपल्याकडे कितीतरी वर्षे टिकली. बेकरीतला माणूस मोठ्या परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसत राही. तूप पांढरे, हलके झाले की मगच मैदा पडे. काळ्या पडलेल्या पत्र्यांवर गोळे ओळीने बसत, वर वेलदोड्याची चिमूट किंवा चारोळी, आणि आपल्या पत्र्यात नाव लिहिलेला कागदाचा कपटा. नावाची अदलाबदल झाली की बायका भांडत, कारण तूप आपले होते. जिन्नस घरचे आणि हात परका, इथवर आपला समाज येऊन पोचला होता.

उरलेला पल्ला इराणी बेकरीवाल्यांनी गाठून दिला. मुंबईत ग्रँट रोडला १९१४ मध्ये सुरू झालेल्या मेरवानचा मावा केक, पुण्यात ईस्ट स्ट्रीटला १९५५ मध्ये उघडलेल्या कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटे आणि मावा केक. पेठांतली माणसे सकाळी कॅम्पात जाऊन रांगेत उभी राहू लागली. भट्टीवर कोण आहे, हे त्या रांगेत विचारायला कोणाला सवड नव्हती.

आता आजच्या मुळशीत या. लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचे विद्यापीठ आहे, खाली वसतिगृहे, खाणावळी, आणि पिरंगुटकडे जाताना केकची दुकाने. ‘एगलेस’ हा शब्द पाटीवर ठळक. गावातल्या पोराचा पहिला वाढदिवस असो की वसतिगृहातल्या मुलीचा विसावा, केक ठरलेला. औक्षणाचे तबकही शेजारीच असते. आधी ओवाळायचे, मग मेणबत्ती विझवायची. ज्योत फुंकून विझवणे आजीला अजूनही खटकते, म्हणून निरांजन जरा लांब सरकवून ठेवतात.

वर्तमानपत्रांत केक आजही येतो, पण गुन्हेगारीच्या पानावर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात भर चौकात तलवारीने किंवा कोयत्याने केक कापून वाढदिवस करायचा, त्याची चित्रफीत पसरवायची, आणि मग पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा, अशा बातम्या वारंवार वाचायला मिळतात. १८९० मध्ये नावे छापून आणायला गोपाळराव लागले होते. आता कापणारा स्वतःच चित्रफीत टाकतो आणि पोलीस तीच पुरावा म्हणून जप्त करतात. मला यात चिंता वाटते ती त्या चौकातल्या लहान मुलांची. क्रीम गालाला फासून घेत ती पहिल्या रांगेत उभी असतात आणि केक कसा कापायचा असतो, ते तिथे पाहत असतात.